गर्दीच्या वेळी निघू नका, असं सरकारने आपल्याला सांगावं का?

ओंजळभर
गेल्या आठवड्यात ऑफिसात परिवहन खात्याचा एक फॉर्म वाटला. प्रश्न असे : सकाळी आठ ते दहाऐवजी तुम्ही आधी किंवा नंतर निघू शकता का? आठवड्यातून किती दिवस? गाडी सोडून बसने याल का? घरून काम जमेल का? प्रत्येकापुढे हो आणि नाही असे दोन चौकोन. खाली लिहिलं होतं की हा ‘प्रवास-मागणी व्यवस्थापना’चा, म्हणजे लोक कधी आणि कशाने निघतात ते बदलून गर्दी कमी करण्याचा, भाग आहे.

खरं सांगते, पहिल्यांदा मला रागच आला. चौदा किलोमीटरला मला सव्वा तास लागतो. रस्ते नीट ठेवणं, सिग्नल चालू ठेवणं, बस वाढवणं हे त्यांचं काम. ते सोडून मी घरातून किती वाजता निघायचं हे विचारतायत! पाण्याची टंचाई झाली की ‘तहान कमी लागू द्या’ म्हणण्यातलाच प्रकार वाटला.

पण फॉर्म अजून भरलेला नाही आणि प्रश्न डोक्यातून जात नाही. प्रवासाची मागणी हाताळणं हे खरंच सरकारी यंत्रणेचं काम आहे का? कुठे हे करून कोंडी कमी झाली आहे का? ज्यांना माहिती आहे, अनुभव आहे, त्यांनी कृपया लिहा. सोमवारपर्यंत फॉर्म द्यायचा आहे.

झुळूक
चांगला विषय. वाचतेय.

गल्लीबोळ
माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ आहे. आपण कर भरतो. जागा अपुरी पडली तर जागा वाढवा. लोकांनीच कमी यावं ही अपेक्षा म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

दगडी_पूल
मी तीस वर्षं रस्तेबांधणीत काढली, आता निवृत्त आहे. गल्लीबोळ यांचं म्हणणं मीही अनेक वर्षं मनापासून मानत होतो. चौपदरी रस्ता सहापदरी केला, चौकावर उड्डाणपूल टाकला. उद्घाटनाच्या दिवशी गाड्या सुसाट जाताना पाहिल्या की अंगावर मूठभर मांस चढायचं. दोन-अडीच वर्षांनी त्याच पुलावर मी स्वतः अडकून बसायचो. फक्त आता दोनऐवजी तीन लेनमध्ये.

तरी एक सांगतो. रस्ता रुंद केल्याने काहीच मिळत नाही, असं जे हल्ली सरसकट म्हटलं जातं ते मला पटत नाही. पूर्वी जे लोक निघतच नव्हते ते निघू लागले. लांबच्या नोकऱ्या धरता आल्या, माल लवकर पोचू लागला. हा फायदाच आहे. पण कोंडी गेली का? नाही गेली.

आकडेमोड
दगडी_पूल काका, तुम्ही जे डोळ्यांनी पाहिलंत ते मोजलं गेलंय. ड्युरांटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या शहरांची आकडेवारी तपासली. महामार्गाच्या लेनची लांबी जितक्या टक्क्यांनी वाढते, जवळपास तितक्याच टक्क्यांनी त्यांवरून कापलं जाणारं अंतरही वाढतं, असं त्यांना आढळलं. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच गर्दीच्या वेळच्या महामार्गांबद्दल असाच नियम मांडला होता. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराचा केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ पर्यंत रुंद केला, बाजूचे रस्ते धरून काही ठिकाणी सव्वीस लेन झाल्या. पुढच्या काही वर्षांत गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला.

कारण साधं आहे. रस्ता मोकळा झाला की तीन प्रकारची माणसं तिथे येतात : दुसऱ्या रस्त्याने जाणारी, दुसऱ्या वेळी जाणारी आणि बस-रेल्वेने जाणारी. मोकळी जागा हे खुलं आमंत्रणच असतं.

ओंजळभर, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर ‘हो, हे त्यांचंच काम आहे’ असं आहे. कारण लिहितो, थोडं लांब होईल.

समजा एका अरुंद पुलावरून तासाला २,००० गाड्या जाऊ शकतात. आठ ते नऊमध्ये २,३०० येतात, नऊ ते दहामध्येही २,३००. पहिल्या तासाला ३०० मागे राहतात, दुसऱ्या तासाला आणखी ३००. दहा वाजता जो रांगेच्या शेपटाला लागतो त्याच्या पुढे ६०० गाड्या असतात, म्हणजे अठरा मिनिटं ताटकळणं. दहा ते अकरामध्ये फक्त १,४०० येतात, तेव्हा कुठे रांग विरते. आता यातल्या ६०० जणांनी, म्हणजे पहिल्या दोन तासांतल्या साधारण आठातल्या एकाने, दहानंतर निघायचं ठरवलं तर? प्रत्येक तासाला २,००० किंवा त्याहून कमी. रांगच लागत नाही. गंमत अशी की एकही प्रवास रद्द झालेला नाही आणि सगळे अकराच्या आत पुलापलीकडे. आधीही ते अकरालाच संपत होतं. मधला खोळंबा मात्र कुणाच्याच कामी आला नव्हता.

हे एकट्याने जमत नाही. मी उशिरा निघालो तर फायदा मागच्या हजारांना होतो, मला फारसा नाही. म्हणून सगळ्यांच्या वतीने कुणीतरी ते जमवून आणावं लागतं. यंत्रणा लागते ती इथे.

कडेकडेने
आकडेमोड, पुलाचं उदाहरण मुलीला वहीत मांडून दाखवलं. तिलाही पटलं.

यात एक भर. जपानमध्ये सुगियामा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आहे. २३० मीटरच्या गोल मार्गावर २२ गाड्या, सगळ्यांना एकाच वेगाने चालवायला सांगितलं. ना सिग्नल, ना खड्डा, ना अपघात. तरी थोड्या वेळात कोंडी तयार झाली आणि ती मागे मागे सरकत राहिली. एकाने किंचित ब्रेक लावला, मागच्याने जरा जास्त, त्याच्या मागचा थांबलाच. म्हणजे गाड्या एका मर्यादेपलीकडे दाटल्या की कुणाचीच चूक नसताना रस्ता तुंबतो. म्हणून शेवटच्या थोड्या गाड्या कमी होणं इतकं मोलाचं.

गल्लीबोळ
आकडेमोड, गणित बरोबर आहे, पण गणितात माणूस नाही. ६०० जण दहानंतर निघतील म्हणता. कोण ते ६००? त्यांना कोण निवडणार? आणि ते गेले की रांग नाही हे पाहून उरलेले परत आठला येतील. तुम्हीच वर लिहिलंत, मोकळी जागा हे खुलं आमंत्रण.

तिसरी_पाळी
कोण ते ६००, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, म्हणून बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं.

मी परिचारिका आहे. माझी पाळी सातला सुरू होते. सातला म्हणजे सातला. रात्रभर जागलेली मैत्रीण रुग्णांची माहिती माझ्या हवाली करायला उभी असते. मी ‘आज सोयीने येते’ म्हणू शकत नाही. आमच्या मजल्यावर पुसायला येणाऱ्या बाई सव्वापाचला घरून निघतात, कारण त्यांना दोन बस बदलाव्या लागतात आणि पहिली बस चुकली की पुढची चाळीस मिनिटांनी. त्यांच्याही हातात कुणी असा फॉर्म दिला होता, मागच्या वर्षी, बस थांब्यावर. ‘गर्दी टाळून लवकर प्रवास करा.’ त्या आधीच अंधारात निघतात हो! आणखी किती लवकर?

मला राग विचारण्याचा नाही. ज्यांच्या हातात काहीच नाही त्यांनाच विचारलं जातं, याचा आहे.

सायंतारा
तिसरी_पाळी ताई, अगदी आतून लिहिलंय.
माझंही तसंच. शाळा आठला भरते. मी आठला शाळेच्या दारात असणार, मग सव्वाआठला त्याच मुख्य रस्त्यावर असणार. फॉर्ममध्ये मला कितीही वेळा विचारलं तरी शाळेची घंटा माझ्या हातात नाही.

उत्तरायण
मी एका मोठ्या कार्यालयात मनुष्यबळ विभागात काम करतो. आमच्याकडे चार वर्षांपूर्वी येण्याची वेळ साडेसात ते साडेदहा अशी खुली केली, दिवसाचे तास तेवढेच. सुरुवातीला विभागप्रमुख अडून बसले. ‘सगळे एका वेळी नसतील तर बैठका कशा घेणार?’ शेवटी अकरा ते तीन सगळ्यांनी हजर असायचं असं ठरलं.

दोन महिन्यांत पार्किंगच्या दाराशी लागणारी रांग गेली. लिफ्टसमोरची गेली. लोक स्वतःहून पांगले, कुणाला ढकलावं लागलं नाही. मुलांना शाळेत सोडणारे उशिरा आले, संध्याकाळी क्लास असणारे लवकर.

पण एक गोष्ट मला आजही बोचते. आमच्या शेजारच्या तीन इमारतींमधली कार्यालयं नऊच्या ठोक्यालाच सुरू होतात. त्यामुळे बाहेरच्या रस्त्यावर काडीचा फरक पडला नाही. आम्ही त्यांना भेटायला गेलो होतो. प्रत्येकाचं उत्तर एकच : ‘इतर सगळे करत असतील तर आम्हीही करू.’ त्या चौघांना एका टेबलाशी बसवणारं कुणीतरी हवं होतं आणि ते काम एका खासगी कार्यालयाच्या आवाक्यातलं नव्हतं.

दगडी_पूल
उत्तरायण, त्या टेबलाशी खातं बसायला हवं होतं. आमच्या वेळी असं काही करण्याचा विचारही कुणाच्या मनात आला नाही. आम्ही चौकात उभं राहून गाड्या मोजायचो. त्या गाड्या कुठल्या इमारतीतून, कुठल्या घंटेमुळे एकदम बाहेर पडतात हे विचारायचं आमच्या कामात बसतच नव्हतं. हे आता लिहिताना फार जाणवतंय.

बिनघाई
जरा अवांतर. फ्रान्समध्ये ऑगस्ट १९७५ मध्ये सुट्टीला निघालेल्या लोकांची शेकडो किलोमीटरची कोंडी झाली. पुढच्याच वर्षी, १९७६ ला, सरकारने ‘बिझाँ फ्युते’ नावाची सेवा सुरू केली. नावाचा अर्थ ‘हुशार गवा’. वर्षाचा प्रत्येक दिवस हिरवा, नारिंगी, लाल किंवा काळा. काळा म्हणजे त्या दिवशी निघूच नका. आजही चालू आहे आणि लोक सुट्टीचा बेत तो रंग पाहून आखतात.
एरवी गवा रस्त्यावर आला की कोंडी व्हायची, हा गवा कोंडी सोडवतो!

सायंतारा
हुशार गवा मुलाला फार आवडला. त्याने लगेच चित्र काढलं. :)

आकडेमोड
बिनघाई, हे अजिबात अवांतर नाही. फ्रान्स तर आणखी पुढे जातं. तिथे देशाचे तीन विभाग करून शाळांच्या हिवाळी आणि वसंत ऋतूतल्या सुट्ट्या वेगवेगळ्या आठवड्यांत ठेवल्या जातात. जर्मनीतही सोळा राज्यांच्या उन्हाळी सुट्ट्या एका दिवशी सुरू होत नाहीत, जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत पसरलेल्या असतात. तिथे कुठल्याही कुटुंबाला फॉर्म भरायला लावत नाहीत. घंटाच हलवली जाते.

गल्लीबोळ यांच्या ‘परत येतील’ या मुद्द्यावर. ते खरं आहे. नेदरलँड्समध्ये २००६ मध्ये झुटरमीर ते हेग या रस्त्यावर प्रयोग झाला. ३४० जण, गर्दीची वेळ टाळली की रोज काही युरो बक्षीस. त्या लोकांच्या गर्दीतल्या फेऱ्या जवळपास निम्म्या झाल्या. बक्षीस थांबलं आणि बहुतेक जण जुन्या वेळेवर परतले. म्हणजे एकदा सांगून, एकदा पैसे देऊन भागत नाही.

कडेकडेने
याच्या उलटंही घडलंय पण. लंडनमध्ये फेब्रुवारी २०१४ मध्ये भुयारी रेल्वेचा दोन दिवस संप झाला. लोकांना नाइलाजाने दुसरे मार्ग शोधावे लागले. नंतर तिकीट कार्डांच्या नोंदी तपासल्या तेव्हा साधारण वीसातला एक प्रवासी संप मिटल्यावरही नव्या मार्गानेच जात राहिलेला दिसला. त्याला आधी ठाऊकच नव्हतं की दुसरी वाट जास्त बरी आहे. सवय कधी कधी नुसत्या माहितीनेही सुटते.

गल्लीबोळ
माहिती द्या, रंग दाखवा, माझी काहीच हरकत नाही. पण हे सगळं शेवटी कुठे जातं ते मला दिसतंय. पैसे. शहरात शिरायचे पैसे. मग ज्याच्या खिशात आहे त्याला मोकळा रस्ता आणि ज्याच्याकडे नाही त्याने घरी बसायचं. त्याला मी व्यवस्थापन म्हणणार नाही. रस्ता ही सगळ्यांनी मिळून बांधलेली शेवटची गोष्ट आहे जिथे श्रीमंत आणि गरीब एकाच रांगेत उभे राहतात.

आकडेमोड
गल्लीबोळ, शेवटचं वाक्य फार प्रामाणिक आहे आणि त्याला झटकून टाकणार नाही. पण जे घडलंय ते आधी सांगतो.

सिंगापूरने १९७५ च्या जूनमध्ये सुरुवात केली. शहरमध्यात सकाळी शिरायला दिवसाला तीन सिंगापूर डॉलरचा परवाना, गाडीत चार माणसं असतील तर फुकट. १९९८ पासून पैसे रस्त्यावरच्या कमानी आणि गाडीतल्या यंत्राने आपोआप कापले जातात. तिथलं भू-वाहतूक प्राधिकरण ठरावीक काळाने वेग मोजतं. मोठ्या रस्त्यावर वेग ताशी ४५ ते ६५ किलोमीटरमध्ये राहिला पाहिजे, शहरातल्या रस्त्यांवर २० ते ३०. वेग घसरला की दर वाढतो, रस्ता मोकळा राहिला की दर उतरतो. हा दुसरा भाग मला महत्त्वाचा वाटतो, दर खाली येतानाही लोकांनी पाहिलाय.

लंडनने १७ फेब्रुवारी २००३ ला पाच पाउंडांनी सुरू केलं. पहिल्या वर्षी कोंडी तीस टक्क्यांच्या आसपास घटली. मग वर्षागणिक ती परत आली. रस्त्यांची खोदकामं वाढली, बस आणि पादचाऱ्यांना जागा दिली गेली, आणि ॲपवरच्या टॅक्सींना २०१९ पर्यंत शुल्कच नव्हतं. म्हणजे ‘लावलं आणि विसरलं’ असं केलं की यंत्रणा हरते.

स्टॉकहोमची गोष्ट सगळ्यात शिकण्यासारखी. तिथे बहुसंख्य लोक विरोधात होते. यंत्रणेने ऑगस्ट २००५ मध्ये आधी बस वाढवल्या, मग जानेवारी ते जुलै २००६ असे सात महिने शुल्क लावून पाहिलं, मग शुल्क बंद केलं आणि सप्टेंबरमध्ये मतदान घेतलं. शुल्काच्या काळात शहराच्या वेशीवरची वाहतूक साधारण पाचव्या हिश्श्याने कमी झाली होती. थोड्या फरकाने का होईना, लोकांनी ‘हो’ म्हटलं आणि ऑगस्ट २००७ पासून ते कायम झालं. याउलट एडिनबरोमध्ये फेब्रुवारी २००५ ला आधीच मतदान घेतलं, लोकांनी काही पाहिलेलं नव्हतं. साधारण चारातल्या तिघांनी ‘नाही’ म्हटलं.

झुळूक
स्टॉकहोमला बस आधी आल्या. किती साधी गोष्ट आहे आणि किती विरळा.

आकडेमोड
झुळूक, त्यात एक कडू सत्यही आहे. बस वाढल्या त्या पहिल्या महिन्यांत, शुल्क नसताना, गाड्यांची संख्या मोजण्याइतकी कमी झाली नाही. नुसती बस दिली म्हणून गाडी सुटत नाही. आणि बस न देता शुल्क लावलं तर तिसरी_पाळी यांच्या सहकारी बाईंसारख्यांची कोंडी होते. दोन्ही लागतं, क्रमाने लागतं.

दगडी_पूल
आणि सम-विषम क्रमांकांचं काय? आज तुमचा नंबर, उद्या माझा. त्यात गरीब-श्रीमंत भेद नाही असं म्हणतात.

आकडेमोड
काका, मेक्सिको शहरात १९८९ पासून गाडीच्या क्रमांकानुसार आठवड्यातून एक दिवस ती बंद ठेवण्याचा नियम आहे. अनेकांनी दुसरी गाडी घेतली, बऱ्याचदा जुनी, जास्त धूर ओकणारी. २००८ च्या एका अभ्यासात हवा सुधारल्याचा पुरावा सापडला नाही. दुसरी गाडी कोण घेऊ शकतं? भेद तिथेही आहेच.

पण म्हणून असे नियम नेहमी कुचकामी असतात असंही नाही. जकार्तामध्ये काही मुख्य रस्त्यांवर गर्दीच्या वेळी गाडीत किमान तीन माणसं लागायची. पोटासाठी माणसं रस्त्याकडेला उभी राहून पैसे घेऊन तिसरा प्रवासी म्हणून बसायची. सगळ्यांना वाटायचं, हा नियम नावापुरता आहे. २०१६ मध्ये तो उठवला. संशोधकांनी मोबाइल नकाशावरून प्रवासाचे वेळ नोंदवले होते, त्यात संध्याकाळी त्या रस्त्यांवर तेवढंच अंतर कापायला ८७ टक्के जास्त वेळ लागू लागला. जिथे नियम कधी नव्हताच अशा रस्त्यांवरही खोळंबा वाढला. नियम काढल्यावर कळलं की तो किती भार उचलत होता.

गल्लीबोळ
जकार्ताचं माहीत नव्हतं. विचार करायला लावणारं आहे.
तरी माझा मूळ आक्षेप उभा आहे. फॉर्म ओंजळभर यांच्याकडे आला, उत्तरायण यांच्या शेजारच्या तीन कार्यालयांकडे आला नाही. यंत्रणा नेहमी एकट्या माणसाला गाठते, कारण तो सोपा असतो.

तिसरी_पाळी
गल्लीबोळ, हेच! मी इतका वेळ हेच म्हणायचा प्रयत्न करत होते. वेळ ज्याच्या हातात आहे त्याला गाठा. शाळेला विचारा, कार्यालयाला विचारा, आमच्या रुग्णालयाच्या व्यवस्थापनालाही विचारा. आमची पाळी सातऐवजी साडेसहाला बदलली तर चालेल का, हे आम्हाला कुणी विचारलं तर आम्ही मिळून ठरवू शकतो. एकटी मी नाही ठरवू शकत.

उत्तरायण
हे कायद्यात आलेलंही आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १९९१ चा कायदा आहे. ज्या मालकाकडे सकाळी सहा ते नऊमध्ये कामावर येणारे शंभर किंवा जास्त पूर्णवेळ कर्मचारी आहेत, त्याने त्यांच्या एकट्याने गाडीने येण्याच्या फेऱ्या कमी करण्याची योजना बनवायची. जबाबदारी मालकावर. कॅलिफोर्नियातला १९९२ चा कायदा मला त्याहून आवडतो. मालक कर्मचाऱ्यांसाठी भाड्याने पार्किंग घेऊन ते फुकट देत असेल, तर ज्याला पार्किंग नको त्याला तेवढे पैसे रोख द्यायचे. पार्किंगचे अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी अशी आठ कार्यालयं अभ्यासली. एकट्याने गाडी आणणाऱ्यांचं प्रमाण ७६ टक्क्यांवरून ६३ वर आलं. कुणालाही शिक्षा नाही, कुणाला उपदेश नाही. बसने येणारा आजवर जे गमावत होता ते त्याला मिळालं, इतकंच.

आणि इंग्लंडमधलं नॉटिंगहॅम. तिथे एप्रिल २०१२ पासून अकरा किंवा जास्त कर्मचारी-पार्किंगच्या जागा असलेल्या मालकांना प्रत्येक जागेमागे शहराला वार्षिक शुल्क द्यावं लागतं. तो पैसा ट्रामच्या विस्ताराला लागला.

मी हे आमच्या वरिष्ठांपुढे ठेवलं होतं. अजून होकार नाही. मी सोडलेलं नाही.

कडेकडेने
उत्तरायण, सोडू नका.
यात मोकळी होणारी जागाही धरा. मी सायकलने जातो. आमच्या रस्त्यावर जी लेन उभ्या गाड्यांनी खाल्ली आहे ती मिळाली तर सायंतारा यांचा मुलगा दोन-चार वर्षांत स्वतः शाळेत जाईल. तेव्हा सव्वाआठच्या गर्दीतून एक गाडी कायमची कमी होईल. कुणाला वेळ बदलायला न सांगता.

सायंतारा
तो आत्ताच विचारतोय कधी जाऊ म्हणून. रस्ता असा असताना कसं पाठवू?

दगडी_पूल
सायंतारा, आम्ही फुटपाथ नेहमी शेवटी आखायचो. उरलेल्या जागेत. निधी संपला की तो राहायचा. आज कुणी मला परत नकाशा दिला तर शाळेच्या दारापासून सुरुवात करीन.

बिनघाई
ओंजळभर कुठे गेल्या? आज रविवार. फॉर्म उद्या द्यायचा आहे ना?

ओंजळभर
इथेच आहे, सगळं वाचत होते. काही प्रतिसाद दोनदा वाचले. मनापासून आभार.

माझ्या रागाचं थोडं वेगळं झालंय. यंत्रणेने मागणीत लक्ष घालावं हे मला पटलं, पुलाच्या गणितानेच पटलं. पण माझ्यापाशी येऊन थांबू नये, हेही तितकंच पटलं. आज फॉर्म भरला. ‘वेळ बदलू शकता का’ पुढे ‘हो’ केलं, आठवड्यातून दोन दिवस, कारण माझं काम तसं आहे आणि मला जमतं. इतकी वर्षं मीच विचार केला नव्हता की मला जमतं. घरून काम, एक दिवस, ‘हो’. बस ‘नाही’, कारण थांबा दीड किलोमीटरवर आहे, आणि ते कारण समासात लिहिलं, चौकोन नव्हता तरी.

शेवटी सूचनांसाठी चार ओळी मोकळ्या होत्या. तिथे लिहिलं : “या फॉर्ममध्ये ‘तुमची वेळ कोण ठरवतं?’ असा प्रश्न घाला आणि जे उत्तर येईल त्यांच्याकडे पुढचा फॉर्म न्या. आमच्या रस्त्यावरच्या शाळा आणि कार्यालयं यांची एक बैठक बोलवा. बस थांब्यावर पहाटे उभ्या असणाऱ्यांना ‘लवकर निघा’ सांगू नका, त्यांना पहिल्या बसनंतरची दुसरी बस वीस मिनिटांत द्या.” ओळी पुरल्या नाहीत, मागे लिहावं लागलं.

तिसरी_पाळी
ओंजळभर, ती वीस मिनिटांची ओळ मी आमच्या बाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, ‘साडेपाचची सुटली तर पाच-पन्नासची. एवढंच पाहिजे.’

गल्लीबोळ
‘तुमची वेळ कोण ठरवतं?’ हा प्रश्न असेल तर मीही फॉर्म भरीन. आमच्याकडे आलाच नाही अजून, कुठे मिळतो?

उत्तरायण
गल्लीबोळ, आमच्याकडे कोऱ्या प्रती आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ओंजळभर, तुमचं बैठकीचं वाक्य मी आमच्या तर्फे जाणाऱ्या पत्रात तसंच घालू का? त्या तीन शेजाऱ्यांकडे मंगळवारी परत जातोय, सोबत नेईन.

ओंजळभर
जरूर घाला. काय म्हणाले ते इथे कळवा.